अंदाजपत्रकात न बसणारा गोष्टीचा तास

अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं वार्षिक अंदाजपत्रक उघडून पाहिलं, तर त्यात पगार असतात, पुस्तकखरेदी असते, विजेचं आणि हिवाळ्यात इमारत उबदार ठेवण्याचं बिल असतं, छताच्या दुरुस्तीची तरतूद असते. रंगीत कागद, डिंक, बाहुल्यांचा खेळ करणाऱ्याचं मानधन, पन्नास मुलांना पुरेल इतका खाऊ, सुट्टीत ठरलेली पुस्तकं वाचून संपवणाऱ्या मुलाला कायमचं घरी न्यायला द्यायचं एक कोरं पुस्तक, या गोष्टींना तिथे जागा मिळेलच असं नाही. मिळाली तरी काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. मुलाचा पाय ग्रंथालयाकडे वळतो तो मात्र छताच्या दुरुस्तीमुळे नव्हे, या दुसऱ्या यादीतल्या गोष्टींमुळे.

यात कोणाचा दुष्टावा नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा, साधारण ८५ टक्के, स्थानिक करांमधून येतो. गावकऱ्यांच्या घरपट्टीतून आलेल्या पैशाचा हिशेब गावाला द्यावा लागतो. पुस्तकाची पावती दाखवणं सोपं असतं, पिझ्झाची आणि बक्षिसांची पावती दाखवणं अवघड. अनेक ठिकाणी असा खर्च करण्यावर नियमांचीच बंधनं असतात. त्यामुळे बालविभागाची ग्रंथपाल हुशार असते, तिच्या डोक्यात दहा कल्पना असतात, तिच्याजवळ पुस्तकंही असतात. पण त्या कल्पनांसाठी लागणारे दोनशे-चारशे डॉलर कुठल्या खात्यातून काढायचे, हे तिला कळत नाही. ही फट भरून काढण्याचं काम तिथे दोन प्रकारच्या संस्था करतात. एक, ग्रंथालयाचीच अशी ‘मित्रमंडळं’. त्यांना ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’ म्हणतात; १९२२ मध्ये इलिनॉयमधल्या ग्लेन एलिन या गावी असं पहिलं मंडळ निघालं त्या सुमारापासून ती आहेत, आणि जुन्या पुस्तकांची विक्री हे त्यांचं हमखास उत्पन्न. दुसऱ्या संस्था म्हणजे सेवा क्लब: रोटरी, लायन्स आणि आपल्याकडे फारसं नाव माहीत नसलेला किवानिस.

या क्लबांची घडण थोडी समजून घ्यायला हवी, कारण ग्रंथालयाला त्यांचा उपयोग का होतो याचं उत्तर तिच्यातच आहे. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ मध्ये शिकागोत तीन ओळखीच्यांना जमवलं, ती रोटरीची सुरुवात. १९१५ मध्ये डेट्रॉइटला किवानिस निघाला आणि १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स. आरंभी हे मुख्यतः व्यापारी आणि व्यावसायिकांचे मेळावे होते. ओळखी वाढाव्यात, एकमेकांना गिऱ्हाईक मिळावं, हा हेतू त्यात होता. पण दर आठवड्याला एकत्र जेवणारी माणसं गावाच्या प्रश्नांबद्दल बोलू लागतातच. शिकागोच्या रोटरीचं पहिलं मोठं लोकोपयोगी काम सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी शहराच्या मागे लागण्याचं होतं. काही वर्षांतच सेवा हाच या क्लबांचा गाभा झाला, आणि किवानिसने तर मुलांचं कल्याण हेच आपलं मुख्य क्षेत्र ठरवलं.

पैशाच्या बाबतीत या क्लबांचा एक शिरस्ता फार मोलाचा आहे. खाती दोन असतात. सभासदांच्या वर्गणीतून जेवणाचा, सभागृहाचा, टपालाचा खर्च चालतो. लोकांकडून जमवलेला पैसा, म्हणजे रविवारी सकाळी पॅनकेकचा नाश्ता विकून, नाताळची झाडं विकून, शेंगदाण्यांची पाकिटं विकून आलेला पैसा, वेगळ्या खात्यात जातो आणि तो लोकांवरच खर्च करावा लागतो. लायन्सच्या नियमांत तर हे स्पष्टपणे लिहिलेलं आहे. त्यामुळे दरवर्षी एक ठरावीक, मध्यम आकाराची रक्कम गावात खर्च व्हायची वाट पाहत असते. तिला सरकारी लेखाशीर्ष नाही आणि ती मंजूर करायला निविदा लागत नाही. आठवड्याच्या सभेत ग्रंथपाल वीस मिनिटं बोलते, कार्यकारिणी पुढच्या बैठकीत हात वर करते आणि धनादेश निघतो. बालविभागाला नेमका असाच पैसा लागतो: रकमेने लहान, वेळेवर मिळणारा, आणि कशावर खर्च करायचा हे काम करणाऱ्या माणसाला ठरवू देणारा.

बालविभाग तर पुढची गोष्ट, एके काळी मुलांना सार्वजनिक ग्रंथालयात मुळात प्रवेशच नव्हता, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात बहुतेक अमेरिकन ग्रंथालयांत बारा किंवा चौदा वर्षांखालच्या मुलाला पुस्तक मिळत नसे. पेन्सिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेघेनी गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी आपल्या घरची सुमारे ४०० पुस्तकं कामकरी मुलांसाठी शनिवारी खुली केली. पुढे या संग्रहाचं सार्वजनिक ग्रंथालय झालं, आणि उमेदवारी करणारी मुलं सोडून इतरांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत असा नियम आला. तारयंत्रावर काम करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलाला ते परवडणारं नव्हतं. १८५३ मध्ये त्याने पिट्सबर्गच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून हा भेद चुकीचा असल्याचं मांडलं, आणि नियम बदलला. त्या मुलाचं नाव अँड्र्यू कार्नेगी. पोलादाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवल्यावर त्याने जगभर अडीच हजार ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या. त्यातल्या जवळजवळ १,७०० अमेरिकेत उभ्या राहिल्या. त्याची अट मात्र कडक होती. जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी खर्च करायची. इमारत एकदा मिळते, ग्रंथालय दरवर्षी चालवावं लागतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

पण कार्नेगीकडे अर्ज करायला गावाला तयार कोणी केलं? बहुतेक ठिकाणी बायकांनी. त्या काळी गावोगावी महिलांची मंडळं होती. सुरुवातीला त्या एकमेकींना निबंध वाचून दाखवत, मग लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं चालवू लागल्या, मग एखाद्या दुकानाच्या माडीवर दोन कपाटं ठेवून आळीपाळीने पुस्तकं देऊ लागल्या. १८९० मध्ये या मंडळांचा देशव्यापी महासंघ झाला. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी तीन-चतुर्थांश या महिला मंडळांच्या खटपटीतून उभी राहिली असं सांगितलं जातं. टक्केवारीबद्दल वाद घालता येईल, पण लहान गावांच्या ग्रंथालयांचे इतिहास वाचताना या मंडळांचा उल्लेख इतक्यांदा येतो, की त्यांच्या वाट्याबद्दल शंका उरत नाही.

मुलांसाठी दार उघडण्याचं कामही स्त्रियांनीच केलं. हार्टफर्डच्या कॅरोलिन ह्यूइन्स यांनी १८८२ मध्ये मोठ्या ग्रंथालयांना पत्रं पाठवून विचारलं, की मुलामुलींना चांगल्या वाचनाची गोडी लागावी म्हणून तुम्ही काय करता? ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे मिनर्व्हा सँडर्स यांनी मुलांच्या उंचीची टेबलं आणि खुर्च्या मांडल्या. १८९४ मध्ये ल्यूटी स्टर्न्स यांनी ग्रंथपालांच्या परिषदेत वयाची अटच काढून टाकावी असं आग्रहाने मांडलं. न्यूयॉर्कला अ‍ॅन कॅरोल मूर यांनी तर प्रत्येक मुलाला एका मोठ्या वहीत स्वतःच्या हाताने सही करायला लावली: पुस्तकं जपून वापरीन, ग्रंथालयाचे नियम पाळीन. ज्याला नुकतंच नाव लिहिता येऊ लागलंय, त्या मुलाच्या सहीला किंमत देणं ही साधी गोष्ट नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांनी ग्रंथालयं उभी केली, त्या स्त्रियांना रोटरी, किवानिस आणि लायन्समध्ये कित्येक दशकं सभासद होता येत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे गावच्या रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं, तेव्हा त्या क्लबची मान्यताच काढून घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ४ मे १९८७ रोजी न्यायालयाने ड्युआर्टेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी तिन्ही संघटनांनी स्त्रियांना दार उघडलं. गावातल्या शिक्षिका, बालविभागाच्या ग्रंथपाल, मुलांच्या डॉक्टर आता त्याच टेबलाशी बसू लागल्या, जिथे पैसे कुठे द्यायचे हे ठरतं. मुलांच्या कामांची बाजू आतून मांडणारं माणूस तिथे आलं, हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

वर्षभर हे काम कसं चालतं? अमेरिकेत शाळांना जून ते ऑगस्ट अशी लांब सुट्टी असते, आणि ग्रंथालयाच्या बालविभागाचा सगळ्यांत मोठा हंगाम हाच. उन्हाळी वाचनाच्या कार्यक्रमांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची आहे. १९८७ मध्ये मिनेसोटातल्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन एक सहकारी योजना सुरू केली. तिच्यातून आज बहुतेक राज्यांतली ग्रंथालयं दरवर्षी एक सामायिक विषय, भित्तिपत्रकं आणि कार्यक्रमांच्या सूचना घेतात. कधी अंतराळ, कधी समुद्र, कधी रंग. हिवाळ्यातच ग्रंथपाल क्लबच्या सभेत येऊन सांगते, की यंदा अमुक विषय आहे, एक जादूगार आणि एक प्राणिसंग्रहालयाचा माणूस बोलवायचा आहे, बक्षिसाची पुस्तकं हवी आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटनाला क्लबचे सभासद अंगणात शेगडी मांडून सॉसेज भाजतात. नोंदणीच्या टेबलावर विमा विकणारा गृहस्थ आणि दातांची डॉक्टर शेजारी शेजारी बसून मुलांची नावं लिहून घेतात. मग आठ आठवडे मुलं वाचतात, वाचलेल्या पुस्तकांची किंवा मिनिटांची नोंद ठेवतात. गोष्टीचा तास रोज किंवा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी होतो. काही ग्रंथालयांत प्रशिक्षित कुत्रे येऊन बसतात आणि वाचताना अडखळणारं मूल त्यांना मोठ्याने वाचून दाखवतं. १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झालेला हा उपक्रम पुढे दूरवर पसरला. कुत्रा चूक काढत नाही, एवढंच त्या मुलाला हवं असतं. अनेक ठिकाणी दुपारचं जेवणही मिळतं, कारण शाळा बंद म्हणजे गरीब घरच्या मुलाचं शाळेतलं मोफत जेवणही बंद.

या सगळ्या खटाटोपाचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थित घरांतल्या मुलांच्या प्रगतीतलं अंतर कमी राहतं, सुट्टीत ते वाढतं, असं त्यांना आढळलं. सुट्टीत निदान सहा पुस्तकं वाचणारी मुलं मागे पडत नव्हती, आणि त्या मुलांना पुस्तकांपर्यंत नेणारी सगळ्यांत परिणामकारक सार्वजनिक संस्था होती ग्रंथालय. ग्रंथालय घरापासून किती लांब आहे, यावर मुलाचं तिथे जाणं अवलंबून होतं, हीही त्यांची नोंद. पुढे रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रँझेन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या १७ शाळांत एक प्रयोग केला. सुट्टी लागण्यापूर्वी मुलांसाठी पुस्तकांचं प्रदर्शन भरवायचं आणि प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेली १२ पुस्तकं त्याला कायमची द्यायची. तीन उन्हाळे असं केलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ही मुलं वाचनात इतरांपेक्षा पुढे होती, आणि सगळ्यांत गरीब मुलांना सगळ्यांत जास्त फायदा झाला होता. सुट्टीत नेमकं किती नुकसान होतं याबद्दल अलीकडे मतभेद आहेत. पॉल व्हॉन हिप्पेल यांच्यासारख्या संशोधकांनी जुन्या मोजमापांच्या पद्धतीवरच शंका घेतली आहे, आणि ती शंका गंभीरपणे घ्यायला हवी. पण पुस्तक हाताशी असलं आणि ते स्वतः निवडलेलं असलं, तर मूल जास्त वाचतं, हे मात्र त्या वादातही डळमळत नाही. फ्लोरिडातल्या मुलांनी निवडलेली पुस्तकं मोठ्यांना थोर वाटावीत अशी नव्हती. गायक-गायिका, खेळाडू, चित्रपट यांच्याबद्दलची पुस्तकं त्यांना हवी होती. मुलाने हौसेने उचललेल्या पुस्तकाला नाक मुरडू नये, असं मला यावरून ठामपणे वाटतं.

सेवा क्लब आणि वाचन यांची सांगड कशी घालावी याचा सगळ्यांत मोठा नमुना एका गायिकेने उभा केला. डॉली पार्टनचे वडील कष्टाळू आणि हुशार होते, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९९५ मध्ये तिने टेनेसीतल्या आपल्या सेव्हिअर परगण्यात ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ सुरू केली. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक त्याच्या नावाने टपालाने घरी यायचं. म्हणजे शाळेत जाईपर्यंत साठ पुस्तकं. २००० पासून ही योजना इतर गावांना खुली झाली, आणि तिथे तिची रचना कळीची ठरली. पुस्तकांची निवड, छपाई, पत्ते, व्यवस्थापन हा भार डॉलीची संस्था उचलते. गावातल्या मुलांची नावं नोंदवायची आणि पुस्तकाचा व टपालाचा खर्च द्यायचा, हे काम गावातली संस्था करते. ही गावातली संस्था कित्येकदा रोटरी किंवा किवानिसचा क्लब असते, कधी ग्रंथालय, कधी दोघं मिळून. आईबाप जन्मनोंदणीनंतर ग्रंथालयात येतात, अर्ज भरतात, आणि येता-जाता तिथल्या ग्रंथपालाची ओळख होते. २०१८ मध्ये या योजनेचं दहा कोटीवं पुस्तक वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट देण्यात आलं. आता हा आकडा वीस कोटींच्या पुढे गेला आहे. एका बाईची कीर्ती आणि हजारो गावांतल्या साध्या माणसांची मासिक वर्गणी, दोन्ही असल्याशिवाय हे घडलं नसतं.

लहान मुलांचं एक वेळ जमतं. खरी कसोटी तेरा ते सतरा वयाची. या वयाची मुलं बालविभागातल्या बुटक्या खुर्च्यांवर बसत नाहीत आणि मोठ्यांच्या विभागात त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जातं. इथे क्लबांनी काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो: या मुलांना कार्यक्रम देऊ नका, काम द्या. किवानिसने १९२५ मध्येच कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या एका हायस्कुलात मुलांचा स्वतःचा क्लब, ‘की क्लब’, सुरू केला. लायन्सचे ‘लिओ’ क्लब १९५७ मध्ये आले, रोटरीचे ‘इंटरॅक्ट’ १९६२ मध्ये. पहिला इंटरॅक्ट क्लब फ्लोरिडातल्या मेलबर्न हायस्कुलात निघाला आणि दुसरा आपल्याकडे, तमिळनाडूतल्या तंजावरला. असे क्लब असलेल्या गावांत उन्हाळी कार्यक्रमाचा निम्मा भार ही मुलं उचलतात. नोंदी ठेवणं, लहानांना वाचून दाखवणं, बाहुल्या नाचवणं, कार्यक्रमानंतर खोली झाडणं. सोळा वर्षांच्या मुलीने सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवली, की त्या मुलाला वाचणारं माणूस कसं दिसतं हे कळतं, आणि त्या मुलीला ग्रंथालय आपलं वाटू लागतं. काही ग्रंथालयांत किशोरांची सल्लागार मंडळं असतात. कोणती पुस्तकं घ्यावीत आणि त्यांच्या खोलीत काय हवं, हे तीच मुलं सांगतात.

आता चुकतं कुठे, तेही पाहायला हवं. सेवा क्लबांना एकदाच होणाऱ्या आणि दिसणाऱ्या कामाचं आकर्षण असतं. घरातली जुनी पुस्तकं गोळा करून बालविभागात आणून टाकणं हा त्यातला सगळ्यांत सोपा प्रकार. त्यातली निम्मी फाटकी, कालबाह्य किंवा मुलांच्या कामाची नसतात. ती निवडायची, पुसायची, नोंदवायची किंवा रद्दीत द्यायची हे काम आधीच अपुऱ्या असलेल्या कर्मचाऱ्यांवर पडतं. चांगले क्लब वेगळ्या तऱ्हेने वागतात. ते आधी ग्रंथपालाला विचारतात. तिने सांगितलेली गोष्ट कितीही मामुली असो, सतरंजी असो, कपाटाचं कुलूप असो, तेवढीच देतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला येतात. तीन वर्षं सलग मिळणारे पाचशे डॉलर एकदाच मिळालेल्या पाच हजारांपेक्षा बालविभागाला जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर ग्रंथपाल पुढची आखणी करू शकते.

हे वाचताना मराठी वाचकाला बडोदा आठवल्यावाचून राहणार नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. तो न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातून आला होता, म्हणजे तरुणांनी स्वतःच्या शिक्षणासाठी काढलेल्या संस्थेतूनच. तीन वर्षांत त्याने मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि खेड्यांत जाणाऱ्या फिरत्या पेट्या, अशी घडी बसवून दिली. पण खेड्यांतलं काम त्याच्याही आधी सुरू झालेलं होतं. मोतीभाई अमीन नावाच्या गुजराती शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ काढून मित्रांच्या वर्गणीतून गावोगावी वाचनालयं सुरू केली होती, आणि संस्थानाने पुढे त्यांनाच या कामात घेतलं. बडोद्याची अनुदानाची पद्धतही लक्षात ठेवण्याजोगी आहे: गावाने जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची. गावाचा एक रुपया तीन रुपयांचा होई, आणि वर्गणी काढणाऱ्यांचा ग्रंथालयावर हक्क राही.

महाराष्ट्रात मात्र रचना उलटी आहे, आणि ही गोष्ट समजल्याशिवाय अमेरिकेचं उदाहरण इथे लावता येणार नाही. तिथे ग्रंथालय गावाचं, म्हणजे शासनाचं असतं आणि नागरिकांचे क्लब त्याच्याभोवती उभे राहतात. आपल्याकडे ग्रंथालय हीच नागरिकांची संस्था असते. नोंदणी केलेला न्यास, निवडून आलेली कार्यकारिणी, सभासदांची वर्गणी. आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनाचं परिरक्षण अनुदान. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्थानिक कराची सोय होती, आपल्या कायद्यात ती नाही. राज्यात अशी सुमारे ११ हजार अनुदानित ग्रंथालयं आहेत. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचं अनुदान वर्षाला ४८ हजार रुपये झालं. महिन्याला चार हजार. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज. गोष्टीच्या तासाला तिथे काय उरणार?

त्याच गावात, निदान त्याच तालुक्याच्या ठिकाणी, रोटरी किंवा लायन्सचा क्लब असतो. तो नेत्रशिबिरं घेतो, रक्तदान घडवतो, शाळांना बाक देतो. ग्रंथालयाकडे तो फारसा फिरकत नाही, कारण त्याच्या नजरेत ती दुसरी एक संस्था असते, तिचे तिचे पदाधिकारी असतात. ग्रंथालयाची कार्यकारिणीही क्लबकडे जात नाही. मागायला गेलो तर आपल्या कारभारात हात घालतील, अशी धास्ती असते. दोन्हीकडे गावासाठी वेळ देणारी माणसं, आणि मध्ये बालविभागाचं कुलूपबंद कपाट. हा अडसर पैशाचा नाही. आपल्याकडे लोक वाचनासाठी पैसे देतात, हे नाशिकच्या विनायक रानडे यांनी २००९ पासून चालवलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने दाखवून दिलंय. वाढदिवसाच्या, आठवणीच्या निमित्ताने मिळालेल्या देणग्यांतून शंभर पुस्तकांची एक पेटी तयार होते, ती वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या पेटीशी बदलली जाते. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही या पेट्या पोचल्या आहेत.

क्लबने अशा ग्रंथालयाशी हातमिळवणी करायची तर इमारत आणि पुस्तकखरेदी ग्रंथालयाकडेच राहू द्यावी, कार्यकारिणीत जागा मागू नये, आणि फक्त मुलांच्या सुट्टीचा भार उचलावा: सकाळचे दोन तास बालविभाग उघडा ठेवणारं माणूस, त्याचं मानधन, कागद-रंग, खाऊ, आणि गावातल्या शाळेच्या इंटरॅक्ट किंवा लिओ क्लबमधली मुलं. ग्रंथालयाने मुलांकडून अनामत घेऊ नये आणि पुस्तक घरी न्यायला द्यावं. हरवलेल्या पुस्तकाची किंमत क्लबने भरावी. एवढ्या अटी लिहून ठेवल्या तर दोघांनाही अडचण पडू नये.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र आधीच सांभाळायला हवी. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, म्हणजे जुन्या अध्यक्षाच्या मुदतीच्या अगदी अखेरीस येते. तोवर वर्षाचा निधी संपत आलेला असतो आणि क्लबचं लक्ष नव्या पदग्रहणाकडे लागलेलं असतं. अमेरिकेत सुट्टीच्या ऐन मध्यावर अध्यक्ष बदलतो, म्हणून तिथले अनुभवी क्लब ग्रंथालयाचं काम अध्यक्षाकडे न ठेवता कायमच्या समितीकडे सोपवतात. आपल्याकडेही तशी समिती हवी, आणि बालविभागाची रक्कम जुलैतच बाजूला काढून जानेवारीत ग्रंथपालाच्या हाती द्यायला हवी, म्हणजे एप्रिलपर्यंत पुस्तकं निवडायला आणि शाळाशाळांतून मुलांची नावं गोळा करायला तिला तीन महिने मिळतील.